विहीर उपसली त्या दिवशी

विहीर बुजवायच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. "अक्का, उद्या जेसीबी येतोय. बगायची असंल तर आजच ये की." आजारी माणसाला शेवटचं भेटून जा म्हणून सांगावं, तसा त्याचा आवाज हळू झाला होता. मी सोलापूरहून मिळेल त्या एसटीत बसले. टेंभुर्णीला तो मोटारसायकल घेऊन उभा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. आम्ही लहान होतो तेव्हा इथं सगळा ऊस होता.

विहिरीचं आता कुणाला काही काम उरलेलं नाही. मोटारी थेट धरणाच्या पाण्यावर बसल्यात, पाइप बांधाबांधानं आलेत. तोंडावर लोखंडी जाळी टाकलेली, तीही एका बाजूनं गंजून तुटलेली. मी तिथून आत वाकले. हिरवं पाणी, त्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या, कपारीतून फडफडत उडालेले दोन पारवे. पायऱ्या मात्र होत्या तशाच, काळ्या दगडात कोरलेल्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आणि वास. ओला दगड, शेवाळ, पारव्यांची विष्ठा आणि खोल सावलीचा स्वतःचा असा एक गार वास. तो नाकात गेला आणि माझे कान तापले. चोपन्न वर्षांची बाई मी, शाळेत मुलींना भूगोल शिकवते, आणि त्या काठावर उभी राहून मला वाटलं की आपल्याकडं कुणी बघू नये.

"काय झालं गं?" भावानं विचारलं.

"काही नाही. ऊन आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दिवस दिवस या विहिरीत असायचो. काठावरची बाभूळ आत झुकलेली होती आणि तिच्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबत. वाऱ्यानं ते हलले की पाण्यातली त्यांची सावलीही हलायची. पाण्यात पडून वर पाहिलं की आभाळाचा एक गोल तुकडा दिसे, आणि त्यात कधी घार, कधी अण्णांचं डोकं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी वाळलेला भोपळा माझ्या पाठीला बांधून मला पहिल्यांदा पाण्यात सोडलं. काथ्याची दोरी पोटाला काचायची. भोपळा सुटला तेव्हा त्यांनी पोटाखाली नुसता तळहात धरला. खरखरीत, विडीचा वास येणारा तळहात. एक दिवस मी अशीच हातपाय मारत होते आणि लक्षात आलं की पोटाखाली काहीच नाही. अण्णा पार पलीकडच्या पायरीवर बसून हसत होते. "न्हाय बुडलीस की! तुला कुटं काय झालं?"

मग मी थांबलेच नाही. वरच्या काठावरून गुडघे छातीशी घेऊन मुटका मारायचा, तळाशी जाऊन मूठभर गाळ आणायचा, पाण्याखाली डोळे उघडे ठेवून चुलतबहिणीचे, सुमनचे, पाय ओढायचे. पाण्याखाली सगळे आवाज लांब जायचे. वरची भांडणं, आईच्या हाका, कुत्र्यांचं भुंकणं, सगळं जणू दुसऱ्याच्या घरातलं. बाहेर आलं की तापलेल्या दगडावर पालथं पडायचं. पोट गार, पाठ गरम. अंगावरचा फ्रॉक अंगावरच वाळायचा. अण्णा कुणाला तरी सांगत असायचे, "ही आमची मासोळी." ते शब्द माझ्या कानावर पडावेत एवढ्या मोठ्यानं ते सांगत, आणि मी न ऐकल्यासारखं करी.

मी बारा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात, एके दिवशी दुपारी विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन दुरुस्त करायला दोन माणसं आली होती. काठावर डिझेलच्या डब्याशेजारी बसून ती अण्णांशी बोलत होती. मी पाण्यातून निघून पायऱ्या चढत होते. सुमन मागून येत होती. ती एकदम थांबली. "अगं, तुझ्या फ्रॉकला काय लागलंय?"

मी मागं पाहिलं. फ्रॉकवर, पायावर, आणि मी जिथून आले त्या पायऱ्यांवर. मला वाटलं, कपारीचा दगड लागला असेल. दुखत मात्र कुठंच नव्हतं. मी वर पाहिलं तर इंजिनाची माणसं बघत होती. त्यातल्या एकानं मान फिरवली. दुसऱ्यानं फिरवली नाही.

थोरली काकू कपडे धुवायला आलेली. तिनं पाहिलं आणि हातातलं पातळ टाकून ओरडत आली. "पान्यात व्हतीस? अशी पान्यात व्हतीस? देवाचं पानी हितनंच जातंय घरात!" आई धावत आली, तिनं वळणीवरची वाळत घातलेली चादर ओढून माझ्याभोवती गुंडाळली आणि मला हाताला धरून ओढत नेलं. चालता चालता दबल्या आवाजात एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "शरम न्हाय का, शरम न्हाय का तुला?" मला अजून कळलंही नव्हतं की काय झालंय. शरम मात्र आधी कळली.

मला गोठ्याच्या पडवीत पोत्यावर बसवलं. तिथून विहीर दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. काकूचा आवाज आला, "उपसा विहीर. सगळी उपसा. त्याबिगर ह्या पान्याला हात लावनार न्हाय मी." अण्णा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं इंजिन सुरू झालं.

तो आवाज मी कसा सांगू? आधी दोन-तीनदा खोकल्यासारखा, मग फट फट फट फट, एकसारखा, गावभर. भर दुपारी, जेव्हा कुणी इंजिन लावत नाही. बांधावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा. "काय ओ, आत्ता का लावलंय? ऊस तर काल भिजला की तुमचा." उत्तर कुणीच देत नव्हतं. पण काकू होती, आणि दुरुस्तीची माणसं गावातनंच परत गेली होती, त्यामुळे हळूहळू विचारणारे कमी झाले आणि नुसते बघून जाणारे वाढले. पाटाचं पाणी उसात मावेना. ते फुटून गाडीवाटेवर आलं. ओल्या मातीचा आणि डिझेलच्या धुराचा वास पडवीत येत होता. मी गुडघ्यात डोकं घालून बसले होते आणि मनात म्हणत होते, बंद करा, कुणीतरी बंद करा.

दिवस कलला तेव्हा सुमन लपत लपत माझ्यासाठी भाकरी घेऊन आली. लांबूनच ठेवली, कारण शिवायचं नव्हतं. कुजबुजली, "अगं, पानी कमीच होईना. तसंच हाय. धरनाचं पाजरून येतंय."

धरणाचं पाणी चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या बांधापर्यंत येऊन थांबलं होतं. तेव्हापासून विहीर कधी आटली नव्हती, सगळे त्याचं कौतुक करायचे. आता अण्णा उपसत होते आणि ती भरत होती. उपसत होते, भरत होती.

अंधार पडायच्या सुमारास इंजिन थांबलं. एकदम एवढी शांतता झाली की गाईच्या रवंथाचा आवाज आला. काकूनं विचारलं, "उपसली का?"

"उपसली," अण्णा म्हणाले.

ते घरात गेले. जाताना पडवीपाशी पाऊल जरा थांबलं, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीही वर पाहिलं नाही. त्यानंतर ते असेपर्यंत, आणि ते पुष्कळ जगले, आम्ही दोघं विहिरीबद्दल एक शब्द बोललो नाही. मासोळी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही. मी परकर-पोलकं घालून घागर घेऊन त्याच पायऱ्या उतरायचे, घोट्यापर्यंत पाण्यात जायचे, घागर भरायचे आणि वर यायचे.

पुढं मी शिकले, सोलापुरात शाळेत लागले. फळ्यावर विहिरीची आकृती काढून शिकवलं की शेजारी तलाव असेल तर विहिरीच्या पाण्याची पातळी कशी वर राहते. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. आकृती काढताना माझा खडू नेहमी मोडायचा. लग्न झालं, मुलगा झाला. सहली झाल्या. नदीवर, धबधब्यावर, गोव्याच्या किनाऱ्यावर मी चपला आणि पिशव्या सांभाळत बसलेली असायचे. "तुला पोहता येत नाही ना," असं सगळे म्हणायचे आणि मी हो म्हणायचे. येतं म्हटलं असतं, तर कुठं शिकलात, मग का सोडलंत, हे आलंच असतं.

गेल्या हिवाळ्यात आमचा सकाळी मैदानावर चालणाऱ्या बायकांचा गट कोकणात गेला. ही सगळी मंगलची हौस. मंगल माझ्याच शाळेत खेळ शिकवायची. आता निवृत्त झाली आहे, पण शिट्टी अजून पर्समध्ये असते. तिनं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला, ऋतुजाला, बरोबर घेतलं होतं. रत्नागिरीच्या पुढं एका छोट्या खाडीत कयाक, म्हणजे दोघींच्या वल्ह्यांच्या चिंचोळ्या होड्या, घेऊन कड्याकड्यानं जायचं, खडक बघायचे आणि शेवटी एका शांत कोपऱ्यात तोंडाला नळी लावून पाण्याखालचं बघायचं, असा बेत होता. आम्हांला घेऊन जाणारी होती मुग्धा, भूगर्भशास्त्र शिकलेली, उन्हानं रापलेली तरणी पोरगी. तिनं सुरुवातीलाच विचारलं, "पोहता कुणाकुणाला येतं?"

ऋतुजानं हात वर केला. मंगलनं केला. माझा हात मांडीवरच राहिला.

मंगल आणि मी एका कयाकमध्ये. ती पुढं, मी मागं. सुरुवातीला वल्ही एकमेकांवर आपटत होती, पाणी मांडीवर सांडत होतं, मागून पुढून बायका किंचाळत हसत होत्या. मग कडा आला आणि सगळ्या गप्प झाल्या. काळा दगड पाण्यातून सरळ वर गेलेला, त्यावर दुसरा थर, दोन्हींच्या मध्ये विटेसारखी लाल रेघ, आणि पार माथ्यावर तांबडा जांभा. मुग्धा वल्हं टेकवून सांगत होती. "एक लाव्हा वाहून आला, थंड झाला, त्यावर माती तयार झाली. मग दुसरा आला आणि त्या मातीला भाजून गेला. ती ही लाल रेघ. हाच दगड घाट चढून तुमच्या सोलापूरपर्यंत जातो, बरं का. तुम्ही घरूनच निघाला आहात ह्याच्यावरून."

हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मी शिकवलं होतं. सागरी गुहा, सागरी कमान, तरंगघर्षित चबुतरा, सगळं खडूनं काढलं होतं. पण फळ्यावरच्या गुहेला आवाज नव्हता. ही गुहा श्वास घेत होती. लाट आत गेली की हुं, बाहेर आली की हा. कडेला कालवं चिकटलेली, शेवाळाचा खारट कुबट वास. मी हात लांब करून दगडाला लावला. तो ओला होता, गार होता, बारीक बारीक भोकांचा होता. माझ्या तळव्याला तो ओळखीचा वाटला आणि मी हात मागं घेतला.

कमानीपलीकडं छोटी पुळण होती. तिथं उतरून सगळ्यांना अंगाला घट्ट बसणारे काळे पोशाख दिले. एकमेकींच्या पाठीच्या चेन ओढताना हसून पुरेवाट झाली. मी माझ्या पोटाकडं, मांड्यांकडं बघितलं आणि वरून ओढणी गुंडाळून एका दगडावर बसले. पिशव्या सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

ऋतुजा मुग्धाजवळ गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "माझी पाळी चालू आहे. सोय केलेली आहे. पाण्यात चालेल ना?"

"चालेल की," मुग्धा म्हणाली.

मंगल दोन हातांवर होती. तिनं ऐकलं. "ऋतू!" तिचा आवाज दबका होता, पण मैदानावर कमावलेला, सगळ्यांना ऐकू गेला. "शरम आहे का काही? सगळ्याजणी उतरतायत त्या पाण्यात."

कुणीतरी हसलं. दुसरी एकजण म्हणाली, "नकोच गं, संध्याकाळी गणपतीला जायचंय आपल्याला."  पुण्यात एकटी राहणारी, चार माणसांकडून काम करून घेणारी ती मुलगी, तिचा चेहरा बघता बघता बारा वर्षांचा झाला. ती खाली बसली आणि पोहण्यासाठी पायात चढवलेले रबरी पंख काढू लागली.

माझ्या कानात इंजिन सुरू झालं. खरंच सांगते, ऐकू आलं. आधी खोकल्यासारखं, मग एकसारखं. आणि मी उभी राहून म्हणाले, "मग काय करायचं मंगल? समुद्र उपसायचा?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. कुणालाच काही कळलं नाही. माझा आवाज चिरका लागला होता, ओढणी वाळूत पडली होती, आणि मी त्या घट्ट काळ्या पोशाखात सगळ्यांसमोर उभी होते. परत खाली बसणं आता शक्य नव्हतं.

"ऋतू, चल," मी म्हणाले. "मला पोहता येतं."

पाणी कमरेला लागेपर्यंत मी धीट होते. छातीला लागलं तसा श्वास आखडला. नळीतून श्वास घ्यायचा हे अंगाला पटेना, पहिल्याच घोटाला खारं पाणी घशात गेलं, मी खोकले, डोळ्यांवरच्या काचेच्या आत डोळ्यांतलं पाणी साचलं. ऋतुजानं माझं मनगट धरलं. तिनं ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. हळूहळू माझं तोंड पाण्यात गेलं. पाय आपोआप वर आले.

खाली तोच काळा दगड, पण भेगाभेगांतून जगत असलेला. पिवळे-काळे पट्टे असलेले इवले मासे एका भेगेतून दुसऱ्या भेगेत शिरत होते. शेवाळ एका बाजूला झुकत होतं, परत येत होतं. उन्हाच्या जाळ्या दगडावर सरकत होत्या. आणि आवाज लांब गेले. सगळे. मी किती वेळ तशी तरंगत होते, ठाऊक नाही. आनंद झाला असं मी लिहिलं, तर ते पूर्ण खरं होणार नाही. मला एवढी वर्षं वाया गेल्याची लाज वाटत होती. मी एका विहिरीला घाबरून अख्ख्या पाण्याला पाठ दाखवली होती.

परतताना मंगल पुढं, मी मागं. तिची पाठ ताठ होती. कमान मागं पडल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांसमोर बोललीस तू मला. मुलीसमोर."

"हो," मी म्हणाले. "बोलले."

"आणि पोहता येतं हे इतक्या वर्षांत मला सांगितलं नाहीस."

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच जमलं असावं. मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं. पायऱ्या, इंजिनाची माणसं, चादर, उसात न मावणारं पाणी. कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं.  मंगलचं वल्हं थांबलं. कयाक कड्याकडं वाहत जाऊ लागली. लांबून मुग्धानं शिट्टी मारली.

"वल्हव," मंगल एवढंच म्हणाली.

सोलापूरला आल्यावर ती फिरायला यायची, पण गटाच्या दुसऱ्या टोकाला. ऋतुजाचा एकदा मेसेज आला, "मावशी, थँक यू."  मी नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि नंतर तेही वेडगळ वाटलं.

मग तो फोन आला आणि मी विहीर बघून आले. दुसऱ्या दिवशी मी तिथं नव्हते. भावानं सांगितलं, दिवसभर मुरूम टाकत होते, खालून पाणी वर येतच राहिलं.

त्याच आठवड्यात मी पोहण्याच्या तलावावर जाऊन बायकांच्या वेळेत नाव घातलं. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल गुंडाळून इतका वेळ बसले की वेळ संपत आली. दुसऱ्या दिवशी उतरले. क्लोरीनचा वास, निळ्या फरशा, पोरींचा कलकलाट. विहिरीसारखं तिथं काही नाही. तरी पाण्यात असेपर्यंत बरं वाटतं. बाहेर यायची वेळ आली की शिडीपाशी पाय जड होतात. माझी पाळी जाऊन काही वर्षं झाली आहेत. हे मला पक्कं ठाऊक असतं. पण शिडीवर पाऊल ठेवलं की हात आपसूक मागं जातो, कपडा चाचपतो, बोटं डोळ्यांसमोर धरतो.

परवा असाच गेला. मागं कुणीतरी पोहत येऊन थांबलं होतं, शिडी मोकळी व्हायची वाट बघत. मी घाईनं हात काढला, माफ करा म्हणायला वळले, तर मंगल. केस टोपीत कोंबलेले, डोळे लाल. ती कधीपासून यायला लागली होती मला ठाऊक नव्हतं. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग पाण्यातच जरा मागं सरकून तिनं मला पाठीमागून नीट पाहिलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींची साडी मागून बघायचो तसं.

"काही नाही लागलेलं," ती हळूच म्हणाली. "चढ."